पाहुण्यांचं वजन

घर बांधायला काढलेल्या माणसाला इंजिनिअर काय काय विचारतो, ते मला आता पाठ झालंय. खोल्या किती, जिना आतून की बाहेरून, देवघर कोणत्या तोंडाला. ओव्हाळ मॅडमनी मात्र पहिल्याच भेटीत विचारलं, "स्लॅबच्या दिवशी पाहुणे किती येणार?"

लोहाऱ्यातल्या एका किराणा दुकानदाराचं घर होतं. ठेका माझा होता आणि मॅडमना मीच बोलावलं होतं. दुकानदार खूश झाले. त्यांना वाटलं, बाई जेवणाचा अंदाज घेतायत.

"सगळाच गोतावळा येणार की मॅडम. सासुरवाडी माकणीची, तिकडनं जीप भरून येतेत. तुमी बी या. मटन हाय."

"मी येणारच आहे. त्यातले वर किती चढणार?"

"वर म्हंजे?"

"स्लॅबवर. नारळ फोडताना."

दुकानदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. "आता बोलावल्यावर चढतीलच ना. न्हाय कसं म्हणायचं?"

"नाही म्हणू नका. आकडा सांगा."

आमच्याकडं स्लॅबचा दिवस म्हणजे अर्धं लग्नच असतं. मिक्सरला हळदकुंकू लावतात आणि ईशान्येच्या कोपऱ्यात नारळ फुटतो. घरच्या बायका, आत्या, मावश्या, पोरंसोरं सगळी शिडीनं वर चढतात, कोपऱ्यात दाटीनं उभी राहतात आणि फोटो होतो. पहिलं घमेलं त्याच कोपऱ्यात ओतायचं असतं. म्हणजे माणसंही तिथंच, ओल्या मालाचा ढीगही तिथंच. आणि हे सगळं उभं असतं ते पत्र्याच्या प्लेटांवर, प्लेटा टेकूंवर, टेकू एका फळीवर आणि फळी मातीवर. स्लॅब तेव्हा स्लॅब नसतोच. तो नुसता चिखल असतो, स्वतःला उचलायची ताकद त्याच्यात अजून आलेली नसते.

"पुस्तकात मजुराचं वजन धरलंय, यंत्राचं धरलंय," मॅडम म्हणाल्या. "मावशी-आत्यांचं धरलेलं नाही. ते आपण धरायचं."

त्यांनी काढलेल्या कागदावर त्या कोपऱ्यातले टेकू इतर ठिकाणांपेक्षा जवळजवळ होते. आमचा सेंट्रिंगचा मिस्त्री रफीकभाई, त्यानं तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ये क्या, मामी का कोना?" तेव्हापासून आमच्या सगळ्या कामांवर त्या जागेचं नाव तेच पडलं. पुढं मॅडम स्वतःसुद्धा फोनवर विचारायच्या, "मामीचा कोपरा झाला का बांधून?"

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष, ते पटकन कळणार नाही. आमच्या भागात छताचं डिझाइन होतं, गजाचं होतं, खांबाचं होतं. त्या छताला तीन आठवडे खालून धरून ठेवणाऱ्या टेकूंचं कुणी करत नाही. ते मिस्त्रीच्या हातावर सोडलेलं असतं. नंतर काढायचीच वस्तू, तिचा कागद कशाला? मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो होतो. मॅडम म्हणायच्या, "छत पडतं ते बहुतेक ओलं असताना पडतं, ठेकेदार. वाळलेलं छत फार समजूतदार असतं."

त्या मला ठेकेदार म्हणायच्या, नावानं कधी हाक मारली नाही. बुटक्या, सावळ्या, आवाज किंचित बसलेला. धाराशिवात एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं एका खोलीचं ऑफिस होतं. एसटीत बसल्या की पाचव्या मिनिटाला झोपायच्या आणि आपल्या थांब्याला बरोबर जाग यायची. गप्पा मारता यायच्या नाहीत. पाऊसपाणी, पोरंबाळं यावर कुणी बोलायला लागलं की त्या नुसत्या मान हलवायच्या. पण टेकूंशी बोलायच्या. स्लॅबच्या सकाळी हातात बॅटरी घेऊन ओणव्या होऊन खालून फिरायच्या, प्रत्येक टेकूला मुठीनं ठोकायच्या, जरा हलवून बघायच्या. "हा भरलेला आहे." "हा बरा आहे." "हा फुकट उभा आहे, याच्यावर काहीच नाही, रफीकभाई." मग रफीकभाई पाचर ठोकायचा. सगळं तपासून त्यांनी कागदावर सही केल्याशिवाय मिक्सर सुरू होत नसे आणि स्लॅब पुरा होईपर्यंत त्या चहा घेत नसत. माल पडायला लागला की खाली कुणालाही जाऊ देत नसत, स्वतः बाहेरून वाकून बॅटरीचा झोत टाकत राहायच्या.

लग्नातही हेच. माझ्या पुतणीच्या लग्नाला आल्या होत्या. ताट वाढलं, दोन घास खाल्ले आणि ताट उचलून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसल्या. माझी बायको घाबरली, काही चुकलं का म्हणाली. मॅडम हळूच म्हणाल्या, "वहिनी, वाढणं छान आहे. तो मांडवाचा खांब बरा नाही." तो खांब काही पडला नाही. पण तिथं बसलेल्या माझ्या साडूचा घास घशाखाली उतरेना.

त्या नेहमी बरोबरच असायच्या, असं मी म्हणणार नाही. माकणीला एका घराचा स्लॅब चालू होता. निम्मा झाला असेल. मॅडमना खालून किर्र किर्र आवाज आला. "थांबवा!" म्हणून ओरडल्या. मिक्सर बंद, बाया डोक्यावरची घमेली तशीच धरून उभ्या. मॅडमनी चारी बाजूंनी झोत टाकला, कान लावला. पुन्हा किर्र. आणि टेकूंच्या मधून एक शेळी निवांत बाहेर आली. अंग खाजवत होती टेकूला.

वर हसण्याचा दंगा उसळला. घरमालक म्हणाले, "मॅडम, शेळीलाबी एक नोटीस काढा! आधी सही, मंग खाजवायचं!"

मॅडमही हसल्या. मग बाहेरूनच झोत टाकून त्या बाजूचा एकेक टेकू पुन्हा पाहिला. काही हललेलं नव्हतं. पण तेवढ्यात उन्हानं माल आवळला, आधीचा आणि नंतरचा माल एकजीव न होता स्लॅबला सांधा पडला आणि मी चिडलो. त्या सरळ म्हणाल्या, "चुकलं माझं. पण पुन्हा आवाज आला तर पुन्हा थांबवीन." पुढच्या कामापासून स्लॅबच्या चारी बाजूंनी दोरी बांधायची पद्धत पडली. रफीकभाईची पोरं तिला बकरी की रस्सी म्हणतात. मॅडम इथून गेल्या, तरी ती अजून बांधली जाते.

आता जे सांगायचं ते माझ्याबद्दलचं आहे, पण ते टाळून मॅडमबद्दल लिहिता येणार नाही.

घरमालकाला घाई असते. कुणाला मुहूर्त गाठायचा असतो, कुणाला वास्तुशांत उरकून मुलगी बघायला येणाऱ्यांना नव्या घरात बसवायचं असतं. टेकू लवकर काढा म्हणतात. मला कळायचं की काढू नयेत. मॅडमकडून शिकलो होतो, पटलंही होतं. पण मालकाला तोंडावर नाही म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. उद्या त्यांच्या भावाचं घर निघालं तर ते काम मला हवं असायचं. म्हणून मी एक वाक्य शिकलो: "माझं काय न्हाय हो, मॅडम ऐकत न्हाईत." फार सोयीचं वाक्य. काम सुरक्षित राहायचं, मालकाचा राग त्यांच्यावर जायचा, मी भला माणूस राहायचो. हे मी एकदोनदा नाही, प्रत्येक कामावर केलं.

एकदा मी हे फोनवर बोलत असताना मॅडम मागंच उभ्या होत्या. मी फोन ठेवला.

"सांगत जा," त्या म्हणाल्या. "माझ्या नावानं थांबतंय ना? मग थांबू द्या."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढंही मी तेच करत राहिलो, आणि आता तर परवानगी मिळाल्यासारखं. हळूहळू लोहारा ते धाराशिव त्यांचं नाव पडलं, अडवणारी मॅडम. इतर ठेकेदार त्यांच्याकडं जाईनासे झाले.

मॅडमचं गाव बेंबळीच्या बाजूचं. वडील किसनबाबा, बांधकाम खात्यात रस्त्यावरचे मजूर म्हणून निवृत्त झालेले. ताठ म्हातारा. उन्हात डांबर ओतून ओतून कातडी गजासारखी झालेली. गावात त्यांच्या वस्तीवर विहार बांधायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्याआधी पत्र्याचं शेड होतं, वाऱ्यानं दोनदा उडालेलं. "पोरांना बसून वाचायला डोक्यावर पक्कं छत पाहिजे," एवढंच ते म्हणायचे. कितीतरी वर्षं घरोघर फिरून त्यांनी हे काम इथवर आणलं होतं. डिझाइन मुलीचं आणि ठेका माझा. स्लॅब बुद्ध पौर्णिमेला घालायचं ठरलं. बाहेरगावचे भंतेजी येणार, आसपासच्या वस्त्यांमधून माणसं येणार. किसनबाबांनी स्वतः सगळीकडं जाऊन निमंत्रण दिलं होतं. मॅडमनी त्यांनाही विचारलं होतं, "आण्णा, वर किती चढणार?" म्हातारा म्हणाला होता, "सगळेच चढतील. वर्गणी सगळ्यांनी दिलीया."

पौर्णिमेची सकाळ. निळ्या पताका, स्पीकरवर वंदना, एका बाजूला मोठ्या पातेल्यांत भात शिजत होता. किसनबाबा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, छातीवर बिल्ला, प्रत्येकाला जय भीम करत फिरत होते. मॅडम बॅटरी घेऊन खाली गेल्या. मीही मागून गेलो. उंच छत होतं, टेकूही उंच. त्या ठोकत ठोकत दक्षिणेच्या भिंतीपाशी आल्या आणि थांबल्या.

"हा फुकट उभा आहे. हाही." तिसऱ्याला हात लावला. तो खडखड हलला.

त्यांनी खाली बसून फळीवर तळहात दाबला. फळीच्या कडेनं पाणी वर आलं. भिंतीपलीकडं हौद होता. आदल्या संध्याकाळी टँकर आल्यावर माझ्या माणसांनी पाइप त्यात सोडला आणि विसरले. पाणी वाहून पायाच्या भरावात उतरलं होतं. आमची काळी माती कोरडी असते तोवर दगड असते. ओली झाली की तिच्यासारखी दगाबाज दुसरी नाही.

रफीकभाई वाकून आला. "पाचर ठोक देता हूं मॅडम. दस मिनट. टेन्शन नक्को लेव."

"पाचरीनं टेकू फळीला घट्ट होईल, रफीकभाई. फळी मातीला कशी घट्ट करणार?"

"थोडी तो है गिल्ली..."

"किती, ते वर माल आल्यावरच कळेल. तेव्हा उशीर झालेला असेल."

वर माणसं चढायला लागली होती, प्लेटांवर पावलं वाजत होती. मॅडमनी वर पाहिलं, मग माझ्याकडं. "सगळ्यांना खाली घ्या. आज नाही."

मी बाहेर आलो. किसनबाबा समोरच उभे होते, चेहरा असा फुललेला की मला बघवेना. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आज तरी हे मॅडमच्या अंगावर जाऊ द्यायचं नाही. मी पुढं होऊन म्हणालो, "किसनबाबा, माझ्याकडनं चूक झाली. मशीन बिघडलं. आज काय होत न्हाय बघा."

"मशीन चालू आहे, आण्णा," मागून मॅडमचा आवाज आला. "मी थांबवलंय."

म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडं, एकदा मुलीकडं पाहिलं. "किती येळ?"

"आज न्हाई घालायचं. दक्षिणेकडची माती भिजलीया."

"सुनंदा, लोकं आल्यात."

"म्हणून तर."

"भंतेजी आल्यात. म्या पायानं जाऊन सांगून आलोय सगळ्यास्नी." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर सोपं गेलं असतं. "दहा मिंटांचं काम हाय म्हणतोय तो मिस्त्री."

"त्यो म्हणंल. सही माजी हाय."

मागं कुणीतरी पोरगं बोललं, "लोकांच्या बंगल्याला सह्या करत्यात. आपल्याच कामात खोडा." आणि एक म्हातारे गृहस्थ, चुलत्यांपैकी असावेत, समजावल्यासारखं म्हणाले, "आरं, लोहाऱ्यापातूर नाव हाय तिचं. अडवणारी मॅडम म्हणतेत तिला."

ते नाव लोहाऱ्याहून इथवर कुणी आणलं, हे तिथं उभ्या असलेल्या एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. त्यानं उघडलं नाही. खोटं बोलायला पुढं झालो होतो, खरं सांगायला झालो नाही.

किसनबाबांनी बिल्ला नीट केला, वळले आणि स्वयंपाक करणाऱ्यांना म्हणाले, "वाढा. मान्सं उपाशी जायची न्हाईत." वंदना मांडवात झाली. जेवणं झाली. दिवसभर ते मुलीच्या बाजूला फिरकले नाहीत.

सगळ्यात अवघड गोष्ट ही की मॅडमकडं पुरावा नव्हता. छत पडलं असतं का? मला माहीत नाही. रफीकभाई अजून म्हणतो, पाचरीवर निभावलं असतं. पडलेलं छत सगळ्यांना दिसतं, न पडलेल्या छताला साक्षीदार नसतो. मी एकदा मॅडमना विचारलं, तुम्हाला खात्री होती का? "नव्हती," त्या म्हणाल्या. "खात्री असायला पाहिजे होती ती टेकू टिकाव धरतील याची. ती नव्हती, एवढंच."

ओली माती उकरून काढली, मुरूम भरून ठोकून बसवला, रुंद फळ्या टाकल्या. पुढच्या आठवड्यात स्लॅब घातला. ना पताका, ना स्पीकर, ना वर चढणारं कुणी. किसनबाबा आले नाहीत. त्यानंतर छत वाळेपर्यंत मॅडम येऊन पाणी मारलेलं बघून जायच्या. घर हाकेच्या अंतरावर होतं, पण डबा भिंतीच्या सावलीला बसून खायच्या. म्हाताऱ्यानं अबोला धरला होता. मी एकदा म्हणालो, मी जाऊन बोलू का? त्या म्हणाल्या, "काय बोलणार? मशीन बिघडलं होतं म्हणून?"

टेकू काढायचा दिवस आला. ते माझं त्यांच्यासोबतचं शेवटचं काम. नागपूरला एका पुलाच्या कंपनीत त्यांची नोकरी ठरली होती. तिथं फक्त तात्पुरत्या आधारांचंच काम बघणारी माणसं असतात, असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा चेहऱ्यावर थोडं नवल होतं. इथं काम उरलं नव्हतं, हे त्या बोलल्या नाहीत.

छताच्या मध्यापासून सुरुवात करून भिंतींकडं जायचं, एकेक टेकू सैल करायचा, शेवटी मोठ्या बीमखालचे. निम्म्याच्या पुढं काम गेलं होतं. तेवढ्यात दारातून किसनबाबा आत आले. कुणाशी न बोलता मधोमध, बरोबर बीमखाली येऊन उभे राहिले. हात पाठीमागं.

"आण्णा, भाईर व्हा."

म्हातारा हलला नाही. "लोकं काय काय बोलतेत तुला. आता तू काढ टेकू. म्या हितंच उभा ऱ्हातो. बघू द्या सगळ्यास्नी."

मला गहिवरून आलं. रफीकभाईनं टोपी काढली. मॅडम मात्र भडकल्या. इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"ह्येच! ह्येच नगं मला! माज्यावर भरवसा हाय म्हणून कुणी छताखाली उभं ऱ्हायचं न्हाई! रफीकभाई, हात खाली. आण्णा भाईर जास्तोवर एक पाचर काढायची न्हाई."

"आगं, भरवसा हाय म्हणतोय तर—"

"भाईर."

म्हाताऱ्यानं सगळ्यांकडं पाहिलं. आम्ही सगळे छताकडं पाहत होतो. मग ते पुटपुटत, पाय आपटत बाहेर गेले आणि दोरीपलीकडं दगडावर तोंड फिरवून बसले. "आईवर गेलीया," एवढं ऐकू आलं.

शेवटचा टेकू आडवा झाला. पोरांनी प्लेटा बाहेर नेल्या. मॅडम एकट्या आत गेल्या आणि बीमखाली उभ्या राहून वर पाहत बराच वेळ थांबल्या. मग दाराकडं वळून हाक मारली, "आण्णा, या आता."

किसनबाबा उठले. दारात त्यांनी चपला काढल्या. मॅडम घाईनं म्हणाल्या, "आवं, चप्पल ऱ्हाऊ द्या, खिळे पडल्यात मातीत."

"विहारात चप्पल घालू व्हय?" त्यांनी मुलीच्या पायांकडं पाहिलं. "आन् तू काय घालून हुबी हायस?"

मॅडमच्या पायात कामावरचे जाड बूट होते. त्यांनी खाली पाहिलं. इतके दिवस ती साईट होती. आत्ताच्या आत्ता ती दुसरं काहीतरी झाली होती. त्या खाली बसून नाड्या सोडायला लागल्या. म्हातारा अनवाणी, एकेक पाऊल चाचपत आत आला, उकिडवा बसला आणि मातीतले खिळे वेचू लागला. वर छताकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मॅडमनी बूट उचलून दाराबाहेर ठेवले आणि त्याही समोर बसून वेचू लागल्या. रफीकभाईनं एक रिकामं घमेलं दोघांच्या मध्ये सरकवलं आणि बाहेर आला.

मी दारातच थांबलो होतो. आत घमेल्यात एकेक खिळा पडल्याचा आवाज येत होता आणि दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होते. काय, ते मला ऐकू आलं नाही.